मायएसक्यूएल उठत नाही तेव्हा: आधी नक्कल, मग वाचन

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेचा विंडोज सर्व्हर, त्यावर मायएसक्यूएल ५.७ हे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर. शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली, यूपीएसची बॅटरीही संपली, आणि तेव्हापासून मायएसक्यूएलची सर्व्हिस सुरू होते न होते तोच बंद पडते. एरर फाइलमध्ये ‘डेटाबेस पेज करप्शन’ असा मजकूर आहे. आत ११ वर्षांची खाती. शेवटचा चांगला बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा. सॉफ्टवेअर देणाऱ्यांचा माणूस फोनवर सांगतो की आयबीडेटा१ (मायएसक्यूएलची मुख्य सामायिक फाइल) आणि दोन्ही लॉगफाइल काढून टाका, सर्व्हिस चालू होईल. काढू का?

काढू नका. सर्व्हिस चालू होईल हे त्याचं म्हणणं खरं आहे, पण चालू होईल ती रिकामी. मायएसक्यूएल नवी कोरी आयबीडेटा१ तयार करेल आणि तुमच्या प्रत्येक टेबलाबद्दल ‘हे टेबल इंजिनमध्ये अस्तित्वात नाही’ असं सांगेल. ५.७ मध्ये कुठलं टेबल कुठल्या फाइलीत आहे याची इनोडीबीची, म्हणजे मायएसक्यूएलमध्ये टेबलं प्रत्यक्ष साठवणाऱ्या इंजिनाची, आतली यादी आयबीडेटा१ मध्येच असते. अर्धवट राहिलेले व्यवहार मागे फिरवायला लागणारा अनडू मजकूरही तिथेच. आणि वीज गेल्यावर फाटलेलं पान (फाइलीतला ठरावीक आकाराचा तुकडा) सांधण्यासाठी ठेवलेली डबलराइटची प्रतही त्याच फाइलीत. लॉगफाइलींचं महत्त्व याहून कमी नाही. कॅशियरने ‘सेव्ह’ दाबलं, स्क्रीनवर व्यवहार क्रमांक आला, पण तो अजून टेबलाच्या फाइलीत उतरलेला नाही, अशा नोंदी फक्त लॉगमध्ये असतात. म्हणजे शुक्रवारचा शेवटचा काही काळ त्या दोन फाइलींत आहे. त्या पुसल्या की तो काळ गेला. वर टेबलांतल्या पानांवरचे क्रमांक नव्या लॉगच्या पुढचे निघतात आणि एरर फाइलमध्ये ‘लॉग सिक्वेन्स नंबर भविष्यातला आहे’ अशा ओळींची रांग लागते.

गेली पंचवीस वर्षं मी हेच काम करतो आहे. माझ्याकडे आलेल्या डेटाबेसांपैकी ज्यांचा डेटा खरोखर गेला, त्यांतल्या बहुतेकांचा मूळ बिघाडात गेलेला नव्हता. नंतरच्या दोन-तीन तासांत, घाईने, मूळ फाइलींवरच केलेल्या दुरुस्तीत गेला. म्हणून माझा नियम एकच आहे: मूळ फाइलींची दुरुस्ती करायचीच नाही. त्यांची नक्कल करायची, नकलेतून जेवढं वाचता येईल तेवढं वाचून बाहेर काढायचं आणि नव्या जागी नवा डेटाबेस उभा करायचा.

तेव्हा आत्ता सर्व्हिस थांबवा आणि तिचा स्टार्टअप प्रकार ‘मॅन्युअल’ करा, नाहीतर मशीन रीस्टार्ट झालं की ती आपोआप पुन्हा प्रयत्न करत बसेल. मग संपूर्ण डेटा फोल्डर, एकही फाइल न वगळता, दुसऱ्या डिस्कवर घ्या. नुसती तुमच्या डेटाबेसची उपफोल्डर नकोत; आयबीडेटा१, लॉगफाइली, मायएसक्यूएल नावाचं फोल्डर, माय डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल, एरर फाइल, सगळं हवं. त्याच डिस्कवर दुसऱ्या नावाने केलेली प्रत धरू नका. पूर्वी एका दूध संस्थेच्या कामात मी स्वतः डंप, म्हणजे डेटाबेसमधला मजकूर बाहेर काढून केलेली फाइल, त्याच डिस्कवर घेतला होता. डिस्कच मरणाला टेकली होती, आणि दुसऱ्या दिवशी मूळही गेलं आणि डंपही. तेव्हापासून पहिली नक्कल नेहमी बाहेरच्या डिस्कवर घेतो, तिच्यावर चिठ्ठी लावतो आणि तिला पुन्हा हात लावत नाही. कामासाठी त्या नकलेची नक्कल वापरायची.

कॉपी करताना एखाद्या फाइलीवर विंडोज अडखळलं, ‘वाचता येत नाही’ म्हणालं, तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून आजारी डिस्क दमवू नका. मशीन बंद करा, डिस्क काढा आणि लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू या साधनाने तिची पूर्ण प्रतिमा घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड भागाकडे नंतर वळतं आणि कुठवर आलो याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवतं, म्हणून मध्येच थांबलं तरी काम वाया जात नाही. हे सांगण्यामागे एक कारण आहे.

इनोडीबीचं एक पान १६ केबीचं. डिस्क लिहिते ती ५१२ बाइट किंवा ४ केबीच्या तुकड्यांत. त्यामुळे वीज जाते तेव्हा पानाचा वरचा भाग नवा आणि खालचा जुना असं होऊ शकतं. इनोडीबीला हे माहीत आहे. म्हणूनच प्रत्येक पान आधी डबलराइटच्या जागेत लिहिलं जातं, मग आपल्या जागी. उठताना चेकसम (पान अखंड आहे का हे तपासायचा आकडा) जुळला नाही तर तिथली प्रत उचलून पान सांधलं जातं. म्हणजे नुसत्या वीज जाण्याने मायएसक्यूएलने असं अडायला नको. तुमचं अडलं आहे, याचा अर्थ कुणीतरी वेगासाठी डबलराइट बंद ठेवलं असेल, किंवा डिस्कने ‘लिहिलं’ असं सांगून प्रत्यक्षात स्वतःच्या कॅशमध्येच ठेवलं असेल, किंवा डिस्क वा रॅम आधीपासूनच खराब असेल आणि वीज जाणं हे निमित्त झालं असेल. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तो स्मार्ट अहवाल पाहा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर असेल तर या डिस्कवर यापुढे एक अक्षरही लिहू नका.

नक्कल सुरक्षित झाली की दुसऱ्या मशीनवर नेमकं तेच ५.७ व्हर्जन टाका, शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. ‘नवंच टाकू, ८.० चांगलं आहे’ असं या वेळी नको. ५.७ ला ऑक्टोबर २०२३ पासून ओरॅकलचा आधार नाही, तेव्हा अपग्रेड करायचंच आहे, पण रुग्णाला आधी शुद्धीवर येऊ द्या. नकलेची नक्कल त्या मशीनवर ठेवा आणि कुठलीही खास सेटिंग न लावता एकदा साधी सुरू करून पाहा. कधी कधी दोष जुन्या मशीनच्या रॅममध्ये किंवा फाइल धरून बसलेल्या अँटिव्हायरसमध्ये असतो आणि इकडे डेटाबेस मुकाट्याने उठतो.

सुरू होताना वेळ लागला तर घाबरून टास्क मॅनेजरमधून मारू नका. आयबीएममध्ये काम केलेले, मद्रास आयआयटीचे सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एरीज ही पद्धत मांडली. कोसळलेला डेटाबेस उठताना आधी लॉगमधून काय घडलं ते तपासतो, मग घडलेलं सगळं पुन्हा घडवतो आणि शेवटी जे पूर्ण झालं नव्हतं ते मागे फिरवतो. इनोडीबीचं उठणंही याच घराण्यातलं आहे. एखादा मोठा व्यवहार, समजा सर्व ठेवींवर व्याज लावण्याचं काम, मध्येच तुटलं असेल तर ते मागे फिरवायला तास-दोन तास लागू शकतात. विंडोज कंटाळून ‘सर्व्हिसने प्रतिसाद दिला नाही’ म्हणेल. तुम्ही एरर फाइल वाचा. तिच्यात टक्के पुढे सरकत असतील तर ते काम चालू आहे.

तरीही उठलं नाही तर माय डॉट आयएनआयमध्ये इनोडीबी फोर्स रिकव्हरी ही सेटिंग येते. तिच्या पायऱ्या १ ते ६, आणि वरच्या पायरीत खालच्या सगळ्या आल्या. लोक थेट ६ लावतात, कारण ६ ने बहुधा उठतं. कृपया असं करू नका. १ वर सर्व्हर खराब पान दिसलं तरी बंद न पडता पुढे जातो. २ वर पार्श्वभूमीची झाडलोट थांबते. ३ वर अर्धवट व्यवहार मागे फिरवणं थांबतं. इथपर्यंत साधारण सुरक्षित. ४ पासून पुढे फाइलींचं कायमचं नुकसान होऊ शकतं, म्हणून प्रत्येक प्रयत्नासाठी ताजी नक्कल घ्यायची. ५ वर अनडू मजकूर पाहिलाच जात नाही आणि अर्धवट व्यवहार पूर्ण झाले असं धरलं जातं. पतसंस्थेसाठी याचा अर्थ नीट समजून घ्या: एका खात्याला नावे पडलं, दुसऱ्याला जमा व्हायच्या आत वीज गेली, तर ती एकतर्फी नोंद खरी म्हणून बाहेर येईल. ६ वर लॉग पुन्हा चालवलाच जात नाही, पानं जुन्या अवस्थेतच राहतात. मी १ ने सुरू करतो, आणि ४ वर जायची वेळ आली तर त्याआधी काम बाजूला ठेवून चहा घेतो, एरर फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचतो. त्या फाइलीत खराब पानाचा स्पेस क्रमांक आणि पान क्रमांक छापलेला असतो. सर्व्हर कसाबसा उठला की इन्फर्मेशन स्कीमातल्या टेबलस्पेसच्या यादीतून तो क्रमांक कुठल्या टेबलाचा ते कळतं. शंभर टेबलांपैकी बहुधा एक किंवा दोनच दुखावलेली असतात.

उठला, की लगेच डंप. डेटाबेस चालू झाला म्हणून कामकाज सुरू करायचं नाही. या सेटिंगमध्ये नवी नोंद घेताही येत नाही, ते बरंच आहे. डंप एकेका टेबलाचा वेगळा घ्या. सगळ्याचा एकत्र घेतला तर खराब टेबलापाशी जोडणी तुटते आणि पुढची निरोगी टेबलंही राहून जातात. आधी निरोगी, मग संशयित.

मराठी मजकुराच्या बाबतीत दोन सापळे आहेत आणि दोन्हींत मी चांगली माणसं अडकलेली पाहिली आहेत. पहिला विंडोजचा पॉवरशेल. तिथे ‘मोठं असण्याच्या’ (>) चिन्हाने डंप फाइलीत वळवला की फाइल यूटीएफ-१६ मध्ये तयार होते आणि परत चढवताना मायएसक्यूएल ती घेत नाही. त्याऐवजी मायएसक्यूएलडंपचाच रिझल्ट-फाइल हा पर्याय वापरा. दुसरा कॅरेक्टर सेटचा, म्हणजे अक्षरं कुठल्या संकेतात साठवली त्याचा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांची नावं कधी युनिकोडमध्ये असतात, कधी लॅटिन१ म्हटलेल्या रकान्यात युनिकोडचे बाइट कोंबलेले असतात, तर कधी जुन्या फाँटच्या सांकेतिक अक्षरांत असतात. डंपचा सेट चुकला की ‘ज्ञानेश्वर’च्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती एकदा उमटली की त्यांतून नाव परत येत नाही. पूर्ण डंपआधी सभासद टेबलातल्या दहा ओळी काढा, दुसऱ्या डेटाबेसमध्ये चढवा, सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर पाहा. सह्यांचे नमुने आणि फोटो टेबलात असतील तर हेक्स-ब्लॉब हा पर्यायही लावा.

आता दुखावलेलं टेबल. समजा ते व्यवहारांचं आहे आणि त्यात ३८ लाख ओळी आहेत. इथे खरं कौशल्य लागतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पायरी १ वर सर्व्हर खराब नोंदी आणि पानं ओलांडून पुढे जायचा प्रयत्न करतो. म्हणजे डंप कुठलीही तक्रार न करता पूर्ण होऊ शकतो आणि तरीही त्यात ओळी कमी असू शकतात. शांतपणे पूर्ण झालेल्या डंपवर विश्वास ठेवू नका. व्यवहार क्रमांक सलग आहेत का ते तपासा. कुठे खंड पडला ते टिपून ठेवा. मागे रद्द झालेल्या व्यवहारांमुळेही क्रमांक गळतात, तेव्हा प्रत्येक खंड म्हणजे नुकसान नसतं. पण शंभर-दीडशे क्रमांकांचा सलग खड्डा दिसला तर तो जवळजवळ नक्की पानाचा असतो. १६ केबीच्या पानात शंभरेक बाइटच्या तेवढ्याच ओळी मावतात.

वाचताना सर्व्हर कोसळत असेल तर खड्ड्याच्या दोन्ही काठांवरून जा. आधी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने, लाखालाखाच्या तुकड्यांत. जिथे पडला त्या तुकड्याला अर्ध्यात कापा, मग पाव, मग आठवा हिस्सा. मग शेवटाकडून उतरत्या क्रमाने याच पद्धतीने वर या. अशा रीतीने ३८ लाखांतल्या दीडशे ओळी वगळून बाकी सगळ्या तुमच्या हातात येतात. हे काम कंटाळवाणं आहे, दर खेपेला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, पण एका रात्रीत होतं.

उरलेल्या दीडशे ओळींवर लगेच पाणी सोडू नका. इनोडीबीत मूळ ओळ प्राथमिक किल्लीच्या (इथे व्यवहार क्रमांकाच्या) झाडात असते, पण प्रत्येक दुय्यम इंडेक्सचं झाड वेगळ्या पानांवर असतं आणि त्यात इंडेक्सचे रकाने अधिक प्राथमिक किल्ली एवढं साठवलेलं असतं. खाते क्रमांक आणि तारखेवर इंडेक्स असेल तर फक्त तेच रकाने आणि व्यवहार क्रमांक मागा आणि तोच इंडेक्स वापरायची सक्ती करा. खराब पानाला हात न लावता कोणत्या खात्यावर, कोणत्या तारखेला, कोणता व्यवहार झाला ते बाहेर येतं. राहते फक्त रक्कम. तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीत व्यवहारानंतरची शिल्लक साठवत असेल तर त्या खात्याची आधीची आणि नंतरची ओळ घ्या. मधली एकच ओळ हरवली असेल तर वजाबाकीने रक्कम मिळते.

आणि तो तीन आठवड्यांपूर्वीचा बॅकअप, ज्याला तुम्ही ‘जुना’ म्हणून बाजूला ठेवलंत, तो इथे सोन्यासारखा आहे. खराब पान कुठे आहे? व्यवहार क्रमांक वाढत जातात, म्हणून पानंही काळाच्या क्रमाने आहेत. खड्डा एकवीस लाखांच्या आसपास असेल तर ते काही वर्षांपूर्वीचे व्यवहार, आणि ते बॅकअपमध्ये जसेच्या तसे असणार. बॅकअप वेगळ्या नावाने उभा करा आणि फक्त हरवलेले क्रमांक तिथून उचला. मात्र हे व्यवहारांसारख्या टेबलालाच लागू आहे, जिथे एकदा लिहिलेलं बदलत नाही. खाते-मास्टरसारख्या टेबलात शिल्लक, पत्ता, वारस रोज बदलतात. तिथली तीन आठवड्यांपूर्वीची ओळ तशीच आणलीत तर चुकीचा आकडा खरा होऊन बसेल. त्या ओळी आणायच्या आणि शिल्लक व्यवहारांवरून पुन्हा काढायची.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट पाहायला हवी होती आणि तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही: बिनलॉग, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची वेगळी नोंदवही, चालू होता का? ५.७ मध्ये तो आपोआप चालू नसतो, ८.० मध्ये असतो. चालू असेल आणि बॅकअपच्या दिवसापासूनच्या सगळ्या बिनलॉग फाइली शाबूत असतील, तर बॅकअप चढवा, त्यावर मायएसक्यूएलबिनलॉगने बाकीचे बदल चालवा. वरची शस्त्रक्रिया जवळजवळ टळते. डेटा फोल्डरमध्ये सहा आकडी शेपूट असलेल्या फाइली आहेत का ते आधी पाहा.

प्राथमिक किल्लीच्या झाडाचं मूळ पानच गेलं असेल तर सर्व्हरकडून वाचन होत नाही. तेव्हा अनड्रॉप फॉर इनोडीबी हे लिनक्सवरचं साधन टेबलाच्या आयबीडी फाइलीतली पानं थेट उचलतं आणि टेबलाची रचना दिली की त्यातून ओळी काढतं. पुसलेल्या ओळीही ते उचलू शकतं, त्यामुळे निवड डोळ्यांत तेल घालून करावी लागते. पहिल्यांदाच करणाऱ्याने हे एकट्याने करू नये असं माझं मत आहे. आणि रिपेअर टेबल ही आज्ञा सुचवणाऱ्यांना नम्रपणे सांगा की ती मायआयसॅमसारख्या दुसऱ्या प्रकारच्या टेबलांची आहे, इनोडीबीवर ती चालत नाही.

नवा डेटाबेस उभा राहिला की संगणकाचं काम संपतं आणि हिशेबाचं सुरू होतं. इथे तुमच्या संस्थेतल्या जुन्या लेखनिकाला शेजारी बसवा. तो माझ्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. गुरुवारच्या तेरजेची (सर्व खात्यांच्या शिल्लकांच्या गोषवाऱ्याची) छापील प्रत काढा आणि नव्या डेटाबेसमधून त्याच तारखेची तेरीज काढून ओळ न् ओळ लावा. मग शुक्रवारची किर्द, व्हाउचरचा गठ्ठा, कॅशियरची रोख मोजणी. पिग्मी एजंटांच्या हातातल्या मशीनमध्ये गेल्या काही दिवसांची वसुली अजून साठलेली असू शकते. ती मशीनं सोमवारी रिकामी करण्याआधी त्यांतली यादी काढून घ्या. सभासदांना व्यवहाराचे एसएमएस जात असतील तर ते पाठवणाऱ्या सेवेकडे शुक्रवारच्या संदेशांची यादी मागा, त्यात खात्याचे शेवटचे आकडे आणि रक्कम असते. शेवटच्या तासाचा जो भाग डेटाबेसमध्ये सापडणार नाही, तो बहुधा यांपैकी कुठेतरी सापडतो. अशा नोंदी हाताने घालताना त्यांच्या तपशिलात ‘पुनर्नोंद’ असं लिहा आणि व्हाउचर क्रमांक द्या, म्हणजे लेखापरीक्षकाला प्रत्येकीचा माग काढता येईल.

जुन्या मशीनवर परत जाण्याआधी रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवा. डिस्क नवीन घ्या. डबलराइट चालू आहे ना, आणि फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट ही सेटिंग १ वर आहे ना, ते पाहा. ती २ वर असेल तर वीज गेल्यावर शेवटचा सुमारे एक सेकंद गमावता. डेटा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा. यूपीएसला केबल लावून बॅटरी उतरताच विंडोज स्वतः बंद होईल अशी सोय करा. बिनलॉग चालू करा, दुसऱ्या डिस्कवर. रोजचा बॅकअप संध्याकाळी दुसऱ्या इमारतीत जाऊ द्या, आणि महिन्यातून एकदा तो खरोखर चढवून त्यातून तेरीज काढून पाहा. चढवून न पाहिलेला बॅकअप मी हिशेबात धरत नाही.

सोमवारी काउंटर उघडायचाच असेल तर तेरीज जुळेपर्यंत हातपावत्यांवर चालवा आणि नोंदी नंतर चढवा. सभासदांना कारण स्पष्ट सांगा. लोक समजून घेतात. आणि चिठ्ठी लावलेली ती पहिली नक्कल यंदाचं लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत तिजोरीत राहू द्या. एरर फाइलचा शेवटचा भाग आणि बिनलॉगबद्दलचं उत्तर मिळालं, तर कुठल्या पायरीपासून सुरुवात करायची ते मी नेमकं सांगू शकेन.